तळघरातल्या काचा

कॉपर रिज, मोंटाना
३ मार्च १९७१

चि. डीलिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या गुडघ्याची चौकशी पुढच्या पत्रात करीन, आधी माझा संताप ऐक.

आपलं हायस्कूल पाडायचं घाटतंय. शाळा मंडळाने राजधानीहून एक इंजिनियर आणला. त्याने उत्तरेच्या भिंतीतल्या भेगेत पेन्सिल घालून पाहिली आणि सांगितलं की खाली खाणीची पोकळी आहे, भिंत सरकतेय. तीस तारखेला मतदान. नवी शाळा हायवेला, बुटाच्या खोक्यासारखी.

अडतीस वर्षं त्या भिंतीला पाठ लावून मी लॅटिन शिकवलं. सरकली असती तर आधी मला कळलं असतं. अध्यक्ष हॅल्वर्सनना हे सांगितलं, तर म्हणाले, मिस ड्रिस्कॉल, तुम्ही निवृत्त झालात, आता इमारतीलाही होऊ द्या. याच इसमाला मी दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा करायला हवं होतं.

बाबा खाण सोडून शाळेचे रखवालदार झाले, तेव्हा तळघरात काचेचं काहीतरी करत. मी उंदरांच्या भीतीने कधी उतरले नाही, तू जायचीस. काय होतं ते? उलट टपाली कळव.
तुझी,
नोरा

स्पोकेन
९ मार्च १९७१

ती. नोराताईस,
शि. सा. न. वि. वि. गुडघा दुखतो, जीभ शाबूत आहे. दुसरी गोष्ट आपल्या घराण्यातलीच.

बाबा तळघरात त्याच भेगेवर काचेची आडवी पट्टी लावत. दोन्ही टोकं गिलाव्यात पक्की आणि ओल्या गिलाव्यात खिळ्याने कोरलेलं साल. खाणीतही ते असंच करत. डोंगर हलला की आधी काच तडकते, मग माणसं पळतात. दर नाताळच्या सुट्टीत, कोळशाच्या खोलीत, मी गिलाव्याचं घमेलं धरून उभी राहायची. जुनी काच तशीच ठेवून खाली नवी लावायचे.

पण ताई, एका वर्षी वर आल्यावर ते जेवलेही नाहीत. अंधारात मला दिसलं नाही, पण त्या वेळी काच फुटलेली असणार. मंडळाला नेमकी तीच दिसली तर? आधी एकटी जाऊन पाहा. तुझा राग तुझ्या पायांच्या पुढे धावतो, असं आपल्याला शिकवणाऱ्या नन मदर पर्पेचुआ उगाच म्हणायच्या नाहीत.
लोभ आहे, तो या म्हातारपणी पातळ करू नये.
तुझी,
डीलिया

कॉपर रिज
३१ मार्च १९७१

चि. डीलिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. मी उतरले. उंदीर आहेत.

शाळा तापवायला तेलाची भट्टी आल्यापासून कोळशाच्या खोलीत कोणी फिरकलेलं नव्हतं. सध्याचा रखवालदार टोइव्हो याने दिवा धरला. एकोणीस काचा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. सगळ्यात वरची, १९२० ची, दुभंगलेली. बाकी अखंड. टोइव्हो हळूच म्हणाला, बाई, वरच्या काचेवर गिलावा ओढतो, कोणाला कळायचं नाही. मला मोह झाला, हे फक्त तुला सांगते. मग म्हटलं, लपवायची असती तर बाबांनीच लपवली असती.

काल मंडळाच्या सातही जणांना कोटांसकट खाली नेलं आणि आधी फुटकीच दाखवली. इंजिनियरचा चेहरा खुलला. तेवढ्यात म्हातारा ट्रेव्हेथन, मंडळातला एकटा खाणकामगार, पुढे झाला. म्हणाला, ही मला माहीत आहे. ती लावल्यावर वर्षभरात खालचा जुना बोगदा खचला. हिच्या वडिलांनी, कॉन ड्रिस्कॉलने, आम्हा बारा जणांना बोलावलं आणि तीन रविवार आम्ही तो दगडांनी ठासून भरला. बोगदा खाण कंपनीचा, आम्ही चोरून शिरलेलो, म्हणून कागदावर काही नाही. मग त्याने उरलेल्या अठरा काचांवरून एकेक करून बोट फिरवलं आणि इंजिनियरला विचारलं, तुमची पेन्सिल कुठल्या सालापासून भेगेत आहे?

चार विरुद्ध तीन. शाळा वाचली असं समजू नकोस, एक वर्ष मिळालंय. नवी काच लावायची. ती तडकली तर शाळा पाडायची, आणि तसं झालं तर पहिली वीट मी काढीन, असं मी सर्वांसमोर सांगून आले. साल मात्र इंजिनियरने स्वतःच्या हाताने लिहायचं, हे कबूल करून घेतलंय.

पट्टी कापून आणली आहे. गिलावा किती घट्ट लागतो, ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. गुडघ्याला काहीतरी गुंडाळ आणि शनिवारच्या बसने ये. घमेलं तू धर, उंदरांचं मी बघते.
माया आहेच, ती भेटीत वाढवू.
तुझी,
नोरा