मुन्याचा पाला उकळू नये

मी, उर्वी मोहन साटम, वय सत्तावीस, राहणार वेम्बली, लंडन, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. सर्जन म्हणतात, काळजी नको. असेच म्हणणाऱ्या एका डॉक्टरांच्या हाताखाली मी पीएचडी करते, म्हणून ही खबरदारी.

१. माझी सायकल व लॅपटॉप भाऊ नील याला. "ताई, पाला उकळायला पीएचडी लागते?" असे तो विचारतो. लागत नाही, हे पुढे येईलच.

२. सोन्याच्या कुड्या आईला परत. घरातली पहिली पदवीधर म्हणून तिने त्या मला दिल्या आणि आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगितले, "आमची उर्वी पेरूच्या पानांवर संशोधन करते." आई, पेरू हा देश आहे. तिथल्या अँडीज पर्वतात मुन्या नावाची पुदिन्यासारखी वनस्पती उगवते. सर्दीतापात तिचे पाणी पितात. ते विषाणूंना रोखते का, एवढेच मला तपासायचे होते.

३. माझे मार्गदर्शक डॉ. स्वानंद यांना स्टीलचे एक झाकण. कारण पुढीलप्रमाणे.

"सर, तिथल्या बायका पाला उकळत नाहीत. गरम पाणी ओतून झाकून ठेवतात."

"म्हणजे काढाच ना? आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा. माझ्या आजीचा फॉर्म्युला आहे."

"सर, तुमच्या आजी पुण्याच्या."

"उर्वी, डोन्ट बी डिफिकल्ट."

सरांनी आटवला. रीडिंग विद्यापीठातली आमची अख्खी लॅब घमघमली, म्हणजे पाल्यातले सुगंधी तेल, जे तपासायचे होते तेच, हवेत उडून गेले. उरलेल्या तपकिरी पाण्यावर चाचणी झाली आणि 'परिणाम नाही' असा निष्कर्ष सरांनी मोठ्या रुबाबात लिहिला. आता फ्रीझर मोकळा करायला उरलेला पाला फेकून द्यायचा हुकूम आहे.

४. हा पाला माझा नाही, म्हणून मी तो कोणाला देत नाही. अँडीजमधल्या ज्या गावाने तो मला विश्वासाने दिला, त्याचा आहे. सरांचा तर मुळीच नाही. लॅबमधली मैत्रीण मीनल हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिने तो फेकू देऊ नये, गरम पाण्यात झाकून ठेवून पुन्हा चाचणी करावी आणि निकाल आधी त्या गावाला कळवावा. मुन्या गुणकारी आहे, असे माझे म्हणणे नाही. निकाल शून्य आला तर माझ्या नावाने शून्य छापावे. पण ते पाल्याचे शून्य असावे, सरांच्या पातेल्याचे नव्हे.

खालील दोघांच्या देखत सही केली:
उर्वी मोहन साटम

साक्षीदार: तनू करंबेळकर, समर वालावलकर

वेम्बली, शनिवार, १४ जून २०२५