बाबांचा जादा ठोका

प्रिय डॉर्सी,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. (रागावला असलास तरी घे, परत पाठवायची सोय नाही.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलं असणार आणि तू खुर्चीत बसला असणार. मी ठणठणीत आहे.

शनिवारी काउंटीच्या फिडल मेळ्याला गेले होते. (कॉलेजात ज्याला व्हायोलिन म्हणायचे, तेच फिडल.) मंचावरची स्पर्धा दहा मिनिटांत सोडली. खरं वाजवणं मागे, तंबूंमधल्या गवतात चालतं. तिथे घडीची खुर्ची टाकून एका घोळक्याजवळ बसले. एकच चाल ही माणसं वीस-वीस वेळा वाजवतात. पाचव्या फेरीला वाटतं, पुरे झालं. दहाव्या फेरीला हातातलं कणीस खायचं राहून जातं. (माझं गार झालं.) मग रोवन नावाच्या फिडलवाल्या मुलीने 'पुरात गेलेलं कुंपण' सुरू केलं. आपल्या बाबांची चाल. कॉलेजात असताना मी ती स्वरलिपीत उतरवली होती, आणि वळणावर बाबा एक ठोका जास्त घेतात म्हणून, शुद्धलेखनाची चूक काढावी तसा तो काढून टाकला होता. तो कागद हातोहात फिरला. आता सगळे माझीच चाल वाजवतात, अगदी सरळ, इस्त्री केल्यासारखी. पण माझा डावा पाय ऐकेना. दर वळणावर तो बाबांचा ठोका घ्यायचा आणि मागे पडायचा. शेवटी वैतागून मी तो वर उचलून धरला.

त्या घोळक्यात पाय उचलणं म्हणजे 'ही शेवटची फेरी', हे मी विसरले. ती फेरी संपताच सगळे एकदम थांबले. माझा पाय हवेतच.

"बाई, का थांबवलंत?" रोवनने विचारलं.

"माझा पाय चुकला," मी म्हटलं.

"पाय नाही, व्हर्ना, तुझा कागद चुकलाय," ईनॉक म्हणाला. (बाबांबरोबर बँजो वाजवायचा तोच. दाढी आता पट्ट्यापर्यंत आली आहे.) "तुझ्या आईचा पाय अधू. नाचताना वळायला तिला एक ठोका जास्त लागायचा. तुझा बाप तेवढा थांबायचा. कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं."

ईनॉक थापा मारतो, हे मान्य. पण आई नाचायची, हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का?

"मग तशी शिकवा ना आम्हाला," रोवन म्हणाली. मला कुठे वाजवता येतं? आणि ईनॉकची बोटं आता वळत नाहीत. ती चाल येणारा एकच माणूस उरला आहे, आणि बाबांच्या दफनाच्या दिवशी तीच वाजवताना मी त्यालाच सगळ्यांदेखत मध्येच थांबवून ताल मोजून दाखवला होता. त्यानंतर तू फिडल पेटीबाहेर काढलं नाहीस, असं ऐकते. डॉर्सी, माझं चुकलं. (हे वाक्य दोनदा तपासलं. बरोबर आहे.)

तुझी,
व्हर्ना

ता. क. येत्या रविवारी दुपारी ही मंडळी माझ्या घरी, पुढच्या ओसरीवर येणार आहेत. तारा नव्या घाल. फिडलच्या पोटात ठेवलेली सापाच्या शेपटीची खुळखुळ मात्र राहू दे. ती काढून टाक असं मीच म्हणायचे, तेही मागे घेते.

ता. क. २. तू येणार, असं मी त्यांना सांगून टाकलं आहे. गुडघ्याची सबब चालणार नाही. ओसरीला सहा पायऱ्या आहेत, तुला वेळ लागेल. मी थांबेन.