बाळासोच्या दारातला कडू घास

मंद्रूप, ८ फेब्रुवारी २०२४

चि. अजिंक्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाळासोची आई वारली त्या पोस्टीखाली त्याची कोरोनातली पोस्ट चिकटवू का, म्हणून विचारतोस. अजिबात नको! आबा ॲम्ब्युलन्समधनं उतरताना फोटो काढून 'गावात कोरोना ह्यानंच आणला' असं लिहिणारा तो एकटा, पण खाली 'गावाबाहेर काढा' लिहिणारं अन् हसरी तोंडं टाकणारं निम्मं गाव होतं की. आबा शेवटपर्यंत तेच वाचत बसले. ते गेले त्या दिवशी आपली चूल बंद, अन् कडू घास घेऊन एक माणूस दारात आलं न्हाय.

म्हणून त्याची आई गेली त्याच दिवशी त्याच्या घरी पहिला कडू घास मीच नेला. भरल्या ओसरीत पिठलं-भाकरी त्याच्या म्होरं ठेवली अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की आबांच्या वक्ताला तुमी इसरला, आमी इसरलो न्हाय, जेवा आता. दुखवट्याचं ताट परत धाडता येत न्हाय. मान खाली घालून गिळलं मेल्यानं. लई बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

आईचे गुडघे दुखतायत, मलम पाठव. माया राहू दे, राग जपून ठेव.

तुझी,
वैजयंतीताई


पुणे, १९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मलम पाठवलंय. तुझं पत्र वाचून दोन दिवस ऑफिसात एकटाच हसत होतो. पण आज फेसबुक उघडलं अन् डोकंच फिरलं. बाळासोनं आबांचा तोच फोटो पुन्हा टाकलाय, आता हार चढवून! वर लांबलचक माफी. खाली लोक लिहितायत, मोठ्या मनाचा माणूस, दादा सलाम. आबांना हाकला म्हणणारा ईश्वरप्पा बदाम टाकण्यात सगळ्यात पुढं. आपल्या बापाच्या मरणावर ह्यानं वाहवा मिळवली गं! आता तरी लिहू दे मला. आई काय म्हणते ते कळव. तिला नमस्कार, तुझी माया असू दे.

तुझा,
अजिंक्य


मंद्रूप, २६ फेब्रुवारी

चि. अजिंक्यास, आशीर्वाद.

काही लिहू नकोस. आईला पोस्ट वाचून दाखवली. परवा बाळासो साडी-नारळ घेऊन घरी आला, संगं ईश्वरप्पा. आईनं बसा म्हटलं, पाणी दिलं. बाळासो पाया पडायला वाकला अन् ईश्वरप्पानं फोटोसाठी मोबाईल वर धरला.

आईनं पाय मागं घेतले. म्हणाली, की माफी तू मोबाईलवर मागितलीस, तितं लोकांनी दिली बी. तीच घे अन् जा, माझ्याकडं तुझ्यासाठी न्हाय. साडी-नारळ तिनं स्वतःच्या हातानं ईश्वरप्पाच्या मांडीवर ठेवला.

दोघं पायऱ्या उतरले तवा तिनं मला चहा टाकायला सांगितला, दोघींपुरता. तब्येतीला जप, आमचा जीव तुझ्यातच हाय.

तुझी,
ताई