मगरीला ओठ नसतात

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसल्याबसल्याच घालते आहे. दिवसभर पडद्यासमोर वाकून माझी कंबर आता साष्टांगाच्या कामाची राहिलेली नाही, तू समजून घे.) इकडे सगळं ठीक आहे. तुझे बंधू, म्हणजे आमचे दादा, बरे आहेत, आई बरी आहे, माझा नवराही बरा आहे आणि तुझी आठवण काढतो, विशेषतः स्वयंपाकाची पाळी त्याची असली की. तुझा गुडघा काय म्हणतो? जिन्याला कठडा बसला का? आणि तू माझा फोन का उचलत नाहीस? हा शेवटचा प्रश्न प्रकृतीच्या चौकशीत मोडत नाही हे मला कळतं. पण मी केला की तुझा फोन वाजून वाजून थकतो आणि दादांनी केला की पहिल्याच घंटेला उचलला जातो. तेव्हा राग कोणावर आहे हे शोधायला गुप्तहेर नको. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पत्राचा एक फायदा असतो. ते रागाने बाजूला टाकलं तरी पुन्हा हातात घेतल्यावर जिथे थांबलं होतं तिथूनच बोलायला लागतं.

तुला वाटतंय की मी तुझा आवाज नापास केला. तसं अजिबात नाही. पण तसं नाही म्हणजे कसं, हे सांगायचं तर मला मगरीपासूनच सुरुवात करायला हवी. तू शेजारी सगळ्यांना सांगतेस की आमची भाची कार्टून काढते. त्यात तुझं प्रेम जास्त आहे आणि माहिती कमी. मगर काढतो एक चित्रकार, तिला चालवते दुसरीच मुलगी, माझ्या वाट्याला येतं फक्त तोंड. आधी माणसाचा आवाज मुद्रित करतात. मग तो मी तुकड्यातुकड्याने ऐकते, आणि कुठल्या अक्षराला जबडा किती उघडायचा, कधी मिटायचा, जीभ दिसू द्यायची की नाही, हे ठरवत चित्र हलवते. भाजीतल्या मिठासारखं काम आहे. बरोबर पडलं तर कोणी नाव काढत नाही, चुकलं तर पहिल्या घासाला बोंब.

आता आमच्या चित्रकाराने मगर काढली ती अगदी खऱ्यासारखी, आणि खऱ्या मगरीला ओठ नसतात. आणि लेखकाने तिला पहिलंच वाक्य दिलं, ‘बाळांनो, पोटभर माती खाल्लीत, आता पाणी प्या.’ तू आरशासमोर उभी राहून म्हणून बघ. बा, पो, भ, मा, पा, प्या. ओठाला ओठ लागल्याशिवाय यातलं एक अक्षर बाहेर पडत नाही. मी चित्रकाराकडे गेले आणि हिला नावापुरते तरी ओठ दे म्हणून विनवलं. तो म्हणाला, ही मगर आहे, नवरी नाही. मग लेखकाकडे गेले आणि प-फ-ब-भ-म वगळून लिहिता येईल का विचारलं. त्याने शांतपणे विचारलं की आई-बाबा, बाळ, भूक, पोट, माया आणि प्रेम वगळून म्हाताऱ्या मगरीने पिल्लांशी नेमकं काय बोलावं. शेवटी मीच ओठ दातांच्या आत दुमडून बोलायचा सराव सुरू केला. कचेरीत टेबलावर आरसा आहे, तिथे कोणाला काही वाटत नाही. पण असला सराव अंगात भिनतो. बसमध्ये मी खिडकीच्या काचेत बघून ‘भूक, भूक’ करत होते तर शेजारची बाई पर्स छातीशी धरून उठली आणि उरलेला सगळा प्रवास तिने उभ्याने केला. घरी नवऱ्याने दोन दिवस वाट पाहिली आणि मग दातदुखीचं औषध आणून ठेवलं. बऱ्याच खटपटीनंतर मला युक्ती सापडली. जबड्याची टोकं हलकेच टेकवायची आणि नाकपुड्या किंचित फुगवायच्या. बघणाऱ्याला ‘म’ ऐकू येतो आणि दिसतोही.

एवढं जमलं तर आवाज जमेना. मगरीसाठी आधी जी नटी बोलावली होती तिचा आवाज इतका गोड की मगर पिल्लांना वाढवते आहे की विकते आहे तेच कळेना. अशा वेळी एका दुपारी तुझा फोन आला. माझे दोन्ही हात कामात होते म्हणून मी तो टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला. तू विचारलंस, “जेवलीस का? खोटं बोलू नकोस, रिकामं तोंड ऐकू येतं मला.” माझ्यामागून दिग्दर्शक चालला होता. तो जागच्या जागी थांबला आणि म्हणाला, “ही आपली मगर.” (मी तुला तेव्हा ‘त्यांना तुझा आवाज भावला’ एवढंच सांगितलं. आशय तोच आहे.)

ध्वनिमुद्रणाचा दिवस तुला आठवत असेलच. तू कानांवर ते यंत्र चढवायला नकार दिलास, कारण केस बसतात. समोरच्या माईकला ‘येऊ का?’ विचारलंस. आमच्या आवाजवाल्याला तो फारच वाळलाय म्हणून झापलंस, आणि त्या दिवसापासून तो तुझा भक्त झाला. एकच अडचण होती, तुझी कवळी. लांब वाक्य संपलं की खालची कवळी जागेवर बसायची आणि ‘टक’ वाजायचं. आवाजवाल्याला ते सगळे टक पुसून टाकायचे होते. मीच त्याचा हात धरला. कारण त्या टकमध्ये मला मगर सापडली होती. बोलून झालं की मी तिचा खालचा जबडा जरासा पुढे काढला, अलगद जागेवर बसवला, टक, आणि मग तिला सावकाश डोळे मिटायला लावले. जणू काही विषय तिच्या बाजूने संपला. आत्या, त्या एका हालचालीने ती मगर चित्रातून उठून आमच्यात येऊन बसली. कचेरीत सगळे तिला मगरबाई म्हणायला लागले. दिग्दर्शकाने काही मुलांना बोलावून थोडा भाग दाखवला. त्यातल्या एका चिमुरडीला तिच्या आईने घरी चल म्हटलं, तर तिने जबडा पुढे काढला, टक केलं आणि डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं हे काम करते आहे मी. कोणी माझ्या कामाची नक्कल केल्याचं ते पहिलंच बक्षीस.

पुढचं मला नंतर कळलं. मी पाठवलेला तुकडा तू कौतुकाने खालच्या मजल्यावरच्या तुझ्या मैत्रिणीला दाखवलास, आणि ती म्हणाली, दात वाजतात हो तुमचे. झालं. तू तडक दाताच्या डॉक्टरकडे गेलीस, नवी घट्ट कवळी करून घेतलीस, परस्पर आवाजवाल्याला फोन केलास, मी रजेवर असताना येऊन सगळेच्या सगळे संवाद पुन्हा बोललीस, आणि जाताना त्याला बजावलंस की पमीला चकित करायचंय. मी चकित झाले. रजेवरून येऊन मी मगर सुरू केली तर तिच्या तोंडून बातम्या देणारी बाई बोलत होती. शब्दन् शब्द स्वच्छ, एक श्वास जास्त नाही. तोंड मात्र जुन्याच चालीने चाललेलं. वाक्य संपून गेलं तरी मगर आपली चघळतेच आहे, जणू अर्धे शब्द दाढेत अडकलेत. अंडी फुटतात त्या प्रसंगात आवाज म्हणतो ‘या’ आणि तोंड म्हणतं ‘टक’. आमचा चित्रकार, जो कशालाच हसत नाही, तो खुर्चीवरून घसरला.

मी तरी ते जुळवायला बसले, खरंच बसले. तू एवढे जिने चढून-उतरून आली होतीस ती काय वाया घालवायला? नव्या आवाजावर मी दोन प्रसंग पुन्हा केले आणि मग दिग्दर्शकाने जुना आणि नवा दोन्ही एकापाठोपाठ लावून पाहिले. मग म्हणाला, “नव्या बाई छानच बोलतात. पण आपल्या मगरबाई कुठे गेल्या?” एवढंच झालं. त्यानंतर आवाजवाल्याने तुला फोन करून सांगितलं की तुमचं नवं मुद्रण बाजूला ठेवलंय. बिचारा दुसऱ्यांचे शब्द फार छान पकडतो, स्वतःचे त्याला जमत नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, ती मी दिग्दर्शकालाही सांगितलेली नाही. मगर पिल्लाला पाठीवर घेऊन नदी ओलांडते आणि पिल्लू मधेच घाबरतं, तो प्रसंग तुला माहीत आहे. संहितेत लिहिलंय, ‘घाबरू नकोस माझ्या पिल्ला, मी आहे.’ जुन्या मुद्रणावर मी त्या ‘पिल्ला’चं तोंड केलं आणि ते काही केल्या बसेना. ‘प’ला तोंड मिटतं, मग उघडून जीभ वर जायला हवी, तर तुझ्या आवाजात तोंड लगेच पुन्हा मिटत होतं. मला वाटलं यंत्र बिघडलं. मी वेग कमी करून ऐकलं, आणखी कमी करून ऐकलं. तू ‘पिल्ला’ म्हणालीच नव्हतीस. तू म्हणाली होतीस, ‘घाबरू नकोस माझ्या पमे, मी आहे.’ काचेपलीकडे मी कागद घेऊन उभी होते आणि तू कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस. ते पहिलं मोठं काम अंगावर घेतल्याने त्या दिवशी मी घाबरून कागद उलटा धरला होता, हे मला वाटलं होतं कोणाला दिसलं नाही. बाकी कोणालाच ते ‘पमे’ ऐकू येत नाही, कारण सगळे ‘पिल्ला’ ऐकायच्या तयारीत असतात. मी मगरीचं तोंड ‘पमे’लाच जुळवून टाकलं. नव्या मुद्रणात तू त्या जागी स्पष्ट ‘पिल्ला’ म्हटलंयस, अगदी लिहिल्याप्रमाणे. त्यात चूक काहीच नाही. फक्त ते मला उद्देशून नाही.

तेव्हा राग धरायचाच असेल तर धर, पण चुकीच्या कारणासाठी नको. मैत्रिणीला माझा नमस्कार सांग (कोरडा).

तुझी,
पमी

ता. क. दिग्दर्शकाने शेवटी एक नवा प्रसंग घातला आहे. मगरीला त्यात चार वाक्यं आहेत आणि ती जुन्या आवाजाशी जुळायला हवीत. तू जुनी कवळी टाकून दिली नसशीलच, तू कधी काही टाकत नाहीस. ती घालून येशील का? नवी पिशवीत आण, जेवताना लागेल.

दुसरा ता. क. याच प्रसंगात एक म्हातारा बेडूक मगरीला एकदाच ‘बरं’ म्हणतो. हे मी घरी जेवताना बोलून बसले, आणि तेव्हापासून दादा घरभर ‘बरं’ म्हणत फिरताहेत. न्हाणीघरात ‘बरं’, दूधवाल्याला ‘बरं’. आई माहेरी जायची भाषा करते आहे, त्यावरही ‘बरं’. दिग्दर्शकाने त्यांना एकदा बोलावून ऐकलं आणि सांगितलं की माणूस योग्य आहे, पण ‘बरं’ मनापासून येत नाही. आता ते मनापासून कधी येतं हे मला आणि आईला पक्कं माहीत आहे. दादांनी आयुष्यात तुझ्याशी दुसरा शब्द वापरलेलाच नाही. तू समोर उभी राहून काहीतरी फर्माव, ते आपोआप निघेल. बेडकाला ओठ काढलेत, मला त्रास नाही. म्हणून तू ये. कवळी जुनी सापडली नाही तर नवी घालून ये, तीही नको असेल तर तशीच ये, पण ये.