तीन चांदण्यांचं थिएटर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना डावा वाजतो की उजवा, ते नक्की कळव. (फोनवर तू "बरं आहे" म्हणतेस, पण मागच्या खेपेला खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हळूच "आई गं" आलं, ते मी ऐकलंय. माझ्यापासून आवाज लपत नाही.) इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे, लोक सोफे अजून बसण्यासाठीच घेतात, आणि ही म्हणते की मी हल्ली गप्प गप्प असतो. ते का, हे सांगायलाच लिहायला बसलो. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसली असतीस आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं.

तुझ्या भाचीने मला फोनवरून पैसे द्यायला शिकवलं. त्यातला तो डबा मला फार आवडतो, पैसे पोचले की दुकानात मोठ्याने आकडा ओरडणारा. पूर्वी नवऱ्याने किती उधळले ते बायकोला संध्याकाळी कळायचं, आता अख्ख्या रस्त्याला तिथल्या तिथे कळतं. (हिच्या वाढदिवसाला मी छत्री घेतली, तर डब्याने ओरडलेला आकडा ऐकून शेजारचा चष्मेवाला मुद्दाम बाहेर आला आणि माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला.) असो. पैसे दिले की फोन विचारतो, अनुभव कसा वाटला, आणि पाच रिकाम्या चांदण्या पुढे करतो. ताई, माझं मत इतक्या अदबीने आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं, घरात तर नाहीच नाही. मी सुटलोच. न्हावी, दाताचा डॉक्टर, चाव्या बनवणारा, सगळ्यांना मत दिलं आणि सगळ्यांना तीन चांदण्या. तुला ठाऊकच आहे, आमच्या वस्तादांनी अकरा वर्षांत मला एकदाच "बरं झालंय" म्हटलं, त्यावर मी स्वतःचं दुकान काढलं. पाच दिल्या की माणूस शिकायचा थांबतो. माझ्याकडे तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि हे सगळं तक्रारवहीसारखं असतं, मालक वाचतो आणि कपाटात ठेवून देतो, अशी माझी प्रामाणिक समजूत.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा तुझ्या भाचीने कुणा थिएटरवाल्याचा विषय काढला होता आणि आपण दोघांनी एका सुरात सांगितलं होतं, की अंधारात बसवून लोकांचा वेळ घालवणाऱ्याच्या घरी आपली मुलगी जाणार नाही. (सूर तुझा होता, मी साथ केली.) तो कोण, थिएटर कुठलं, हे विचारायच्याही फंदात आपण पडलो नाही. तेव्हापासून पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलायची. "बाबा, चहा." "बाबा, दार लावा." एवढंच.

मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाकडे सोफा पोचवायला गेलो, तर दाराला कुलूप, आणि चारला येतो म्हणून निरोप. टेम्पोत उकडत होतं. समोर एक छोटं थिएटर होतं, जेमतेम नव्वद खुर्च्यांचं, म्हणून दुपारच्या खेळाला जाऊन बसलो. पिक्चर चांगला होता असं आजूबाजूच्या हसण्यावरून वाटलं. मी मात्र खुर्ची ऐकत होतो. मध्यंतरात बाहेर आलो तर तिकिटं देणारा तरुण मालक फोनवर कुणाशीतरी बोलत होता. मी कान दिला नाही, ते आपोआप गेले. पुढचं काय सांगू, घरी येऊन मी जे लिहिलं तेच उतरवून देतो:

"पडदा स्वच्छ. आवाज चांगला. सातव्या रांगेतली चौथी खुर्ची डावीकडून करकरते. मालक मध्यंतरात एका मुलीशी बोलत होता. तिच्या वडिलांना काय आवडतं, कसं बोललं म्हणजे ते रागावणार नाहीत, हे तीनतीनदा विचारत होता. बाप महा आढ्यतेखोर दिसतो. इतक्या सालस मुलाला जो नाकारतो त्याने आपले कान आणि डोकं दोन्ही तपासून घ्यावं. तीन चांदण्या."

दुसऱ्या दिवशी जेवताना तुझ्या भाचीने हे खड्या आवाजात वाचून दाखवलं. खाली माझं नाव, वर माझा फोटो, आणि एकशे बारा लोकांनी उंचावलेले अंगठे. (त्यात चष्मेवाला होता.) मग ती म्हणाली, "बाबा, तो बाप कोण आहे, माहितीये?" मी म्हटलं, असेल कुणी. ही वाढता वाढता म्हणाली, "मी ओळखते त्यांना. चांगली सव्वीस वर्षं."

ताई, घास तोंडातच राहिला. ते मत पुसावं म्हटलं तर कसं पुसायचं ते पोरीलाच विचारावं लागणार. ती फक्त एवढंच म्हणाली, "मत तुमचंच आहे ना?" आणि ताट उचलून आत गेली. तिचे डोळे भरले होते. ते मी पाहिलं नाही, पण आत नळ उगाच बराच वेळ वाहत होता.

चार दिवस तळमळलो. पाचव्या दिवशी बघितलं, तर माझ्या मताखाली त्या मुलाचं उत्तर. "काका, खुर्चीला तेल घातलंय. एकदा येऊन ऐका." येऊन बघा नव्हे, येऊन ऐका! हत्यारांची पेटी उचलली आणि गेलो. त्याने फोटोवरून मला लगेच ओळखलं आणि सरळ चौथ्या खुर्चीपाशी नेलं. बसलो. करकर तशीच. मी म्हटलं, अरे, एका खुर्चीचं एवढं काय मनावर घेतोस? तर म्हणतो, "काका, मशीनच्या खोलीत मी पिक्चर बघत नाही, खुर्च्या ऐकतो. सगळ्या एकदम करकरल्या की समजायचं, लोक कंटाळले. ही एकटी चांगल्या पिक्चरलाही करकरते, मग माझा अंदाज चुकतो."

तीस वर्षं मी खुर्च्या बनवतोय, ताई. खुर्ची ऐकणारा दुसरा माणूस मला पहिल्यांदा भेटला. बोल्ट ढिला होता, आवळला. त्याने बॅटरी धरली, आणि मागायच्या आधी बरोबर तेराचा पाना हातात दिला. मुलीबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. निघताना म्हणाला, रविवारी आईला घेऊन येऊ का, आणि ते खुर्च्यांसाठी नाही. मी "बघू" म्हटलं. पण माझ्या "बघू"चे आवाजही त्याला कळत असावेत, कारण तो हसला.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम आता सांगतो. शनिवारपर्यंत ये. नकार आपण दोघांनी मिळून दिला होता, एकट्याने मागे घेतला तर घरात माझं काय राहील? तू आल्या आल्या म्हण, मुलगा चांगला दिसतो. मी थोडा विरोध करीन. तू दटाव. मग मी मोठ्या बहिणीचा मान राखीन.

ता. क. दुसरा. माझ्या दुकानाला कुणीतरी एक चांदणी दिली आहे. "काम पक्कं. मालक अकरा महिने बहिणीला पत्र लिहीत नाही." नाव नाही, पण मला ओळखू येतं. पत्र पोचलं की निदान दोन कर.

ता. क. शेवटचा. पत्र टाकायला तुझ्या भाचीकडे दिलं, तर तिने दारातच उभं राहून सगळं वाचलं. मी विचारलं, किती चांदण्या? नाक पुसत म्हणाली, "तीन, बाबा." म्हणून पाकीट पुन्हा फोडून हे लिहितोय.