रशीदचं स्थळ

शुक्रवार, ७ सप्टेंबर

गेलो एकदाचा. सव्वा तास मायक्रोबसमध्ये, गुडघे हनुवटीला लागलेले, शेजारी एक बाई मांडीवर जिवंत बदक घेऊन. रशीद गावाला उतरलो तेव्हा माझ्या शर्टालाही बदकाचा वास.

इनास म्हणते, "बाबा, तुम्ही स्वतः जाऊन चौकशी करा. काही वाईट निघालं तर मी त्याचं नाव काढणार नाही. नाही निघालं तर तुम्ही आडवं यायचं नाही." पोरीने मला शब्दात पकडलं. भूगोल कसला शिकवते, वकील व्हायला हवी होती. शाळेची सहल घेऊन रशीदची जुनी घरं दाखवायला गेली काय, नदीकाठी होड्या बांधणाऱ्या एका सुताराशी बोलत उभी राहिली काय — आणि आता लग्न करीन तर त्याच्याशीच! हातिम त्याचं नाव. बाप हाजी मुतवल्ली, तोही होड्याच बांधतो. अलेक्झांड्रियात वाढलेली, शिकलेली माझी एकुलती मुलगी जन्मभर भुसा झाडणार.

पण ठीक आहे. मी चौतीस वर्षं बंदरावर कस्टममध्ये काढली. पेटी उघडायच्या आधी पेटीवाल्याच्या तोंडाकडे बघितलं की तळाशी काय दडवलंय ते मला कळायचं. एका सुताराचं काय घेऊन बसलात.

नदीकाठच्या कॉफीच्या दुकानात बसलो. मालक अरफा म्हणून एक जाडा माणूस. सहज विचारल्यासारखं म्हटलं, "एक लहान होडी घ्यायचा विचार आहे. मुतवल्लींचं काम कसं?"

"काम एक नंबर."

"आणि मुलगा?"

तो पेला पुसता पुसता म्हणाला, "मुलगा होडीबरोबर मिळत नाही, पाशा. त्याच्यासाठी मुलगी द्यावी लागते."

सगळं दुकान हसलं. कॉफी अर्धी टाकून उठलो. मागून कोणीतरी म्हणालं, "मुलीचा बाप आहे, बिचारा."

शनिवार, ८ सप्टेंबर

माझ्या बायकोने, सौसनने, शर्ट दोनदा धुतला. वास आहेच. वर विचारते, "मग? काय कळलं?" काहीच कळलं नाही म्हणायची लाज वाटली. "चौकशी चालू आहे," म्हटलं.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

आज डोकं लढवलं. गावात मुतवल्लीचा एक वैरी आहे — रशवान. त्याचाही होड्यांचाच कारखाना, दोघांच्या मध्ये एक पडकी भिंत. माणसाबद्दल खरं ऐकायचं तर त्याच्या वैऱ्याकडे जावं.

रशवानने खुर्ची दिली, चहा दिला आणि तासभर मुतवल्लीला शिव्या दिल्या. कान तृप्त झाले. मुतवल्ली हट्टी आहे. मुतवल्ली सकाळी सकाळी करवत चालवतो. माझे दोन कारागीर फोडून नेले. नमाजात माझ्या शेजारी उभा राहतो आणि मुद्दाम खोकतो. मी मनातल्या मनात सगळं टिपून घेत होतो. शेवटी विचारलं, "आणि मुलगा? बापाच्याच वळणावर गेला असेल?"

रशवानने चहाचा पेला खाली ठेवला. तोंड कडू झाल्यासारखं म्हणाला, "तेच तर कळत नाही, साहेब. असल्या बापाच्या पोटी असला पोरगा आला कसा? गेल्या वर्षी माझ्या पायावर फळी पडली. महिनाभर माझी अर्धी होडी त्याने पुरी केली. बापाला न विचारता."

"पैसे घेतले असतील."

"घेतले असते तर मी जिंकलो असतो ना," रशवान म्हणाला.

वैरीसुद्धा धड सापडू नये माणसाला!

सोमवार, १७ सप्टेंबर

पाठ धरली आहे. मायक्रोबसवाले माणसांना डब्यातले सरदीन मासे समजतात. इनासने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, वर म्हणाली, "या शुक्रवारी खिडकीजवळ बसा, बाबा." थट्टा की काळजी, कळलं नाही.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

सापडलं.

हातिमची आधी एक सोयरीक झाली होती. मोडली. इनासला माहीत आहे की नाही कोण जाणे. मला हे अरफाकडूनच कळलं — मी आता त्याचं दर शुक्रवारचं गिऱ्हाईक, त्यामुळे त्याची जीभ सैल झाली आहे. त्या मुलीची आई बाजारात खारवलेले मासे विकते. तडक गेलो.

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हात माशांच्या बरणीत कोपरापर्यंत. "तुम्ही ते अलेक्झांड्रियाचे? दर शुक्रवारी येणारे?"

म्हणजे बाजारालाही ठाऊक.

"मला फक्त एवढंच विचारायचंय, ताई, की मोडलं का."

"माझ्या मुलीने मोडलं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "का? हात उचलायचा? व्यसन?"

"बोलत नाही तो," बाई म्हणाली. "मुलगी म्हणायची, आई, हा आला की चहा घेतो, भिंतीची फट बघतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन ती बुजवतो. मला नवरा हवाय, गवंडी नको. आता ती मन्सूराला असते. नवरा रेडिओसारखा बोलतो. परवा फोनवर रडत होती — म्हणे, हा गप्पच बसत नाही."

एक किलो मासे घ्यावे लागले. तिच्यासमोरून रिकाम्या हाताने निघायची हिंमत झाली नाही. येताना गाडीत सगळे माझ्यापासून दूर सरकून बसले. पहिल्यांदाच पाय पसरून बसायला मिळालं.

शनिवार, २२ सप्टेंबर

सकाळी नाश्त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सोयरीक मोडलेली आहे. मुलगा घुम्या आहे.

इनास म्हणाली, "माहीत आहे. त्यानेच सांगितलं."

"आणि तुला चालतं?"

"बोलणारा माणूस घरात आहे की एक. पुरे झाला."

सौसन स्वयंपाकघरात गेली. हसायला गेली होती. मला ऐकू आलं.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

पकडला गेलो. गाडीतून उतरतो तर समोर हातिम. उंच, सावळा, नखांत डांबर. सलाम केला. म्हणाला, "आईने जेवायला बोलावलंय." बस्स. कारखान्यापर्यंत वीस मिनिटांचं चालणं, त्यात एकच वाक्य — "इथे खड्डा आहे, सांभाळून."

हाजी मुतवल्लीने छातीशी धरलं, दोन्ही गालांचे मुके घेतले. मग अर्धी झालेली होडी दाखवली. वाकड्या जागी लाकडं वाकडीच निवडतात, म्हणे. सरळ लाकूड वाकवलं तर ते समुद्रात सूड घेतं. मी मान डोलवली. हातिम फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकत होता, हलक्या हाताने, कान लावून. पाहत राहिलो. मला राग आला — का ते माहीत नाही.

जेवण सुंदर. मासे, तपकिरी भात, तिळाची ताहिनी, तांबडा खजूर. हातिमच्या आईने — उम्म हातिम म्हणतात तिला सगळे — माझ्या ताटात तीनदा मासा वाढला आणि स्वतः मोजकंच बोलली. मुलगा कोणावर गेलाय ते कळलं. जेवण उरकताना म्हणाली, "फातिहा वाचून सोयरीक पक्की करायला तुमच्याकडून कोण कोण येईल? भाऊ आहेत ना तुम्हाला?"

"एक आहे. फिक्री. मोठा."

"कुठे असतात?"

"अलेक्झांड्रियातच."

"येतील ना मग?"

"त्याला वेळ नसतो," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा भात वाढला.

काय सांगणार होतो? फिक्री आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर राहतो, हे? अकरा वर्षांत त्याच्याशी शब्द नाही, हे? अम्मी गेली तेव्हा मी सल्लूमच्या सीमेवर तात्पुरत्या ड्यूटीला होतो. रात्रभर प्रवास करून आलो, तोवर त्याने तिला मातीही दिली होती. चार तास थांबला नाही. म्हणाला, मय्यत ताटकळत ठेवू नये. मला माझ्या आईचं तोंड दिसलं नाही. परक्या बाईच्या ताटावर बसून सांगायची गोष्ट आहे का ही?

मंगळवार, २ ऑक्टोबर

झोप नाही, भूक नाही. सगळी पेटी उपसली. तळाशी काहीही नाही. असा त्रास मला नोकरीत कधी झाला नव्हता.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

आज गेलो नाही. दुपारभर घरात येरझाऱ्या. सौसन म्हणाली, "तुम्हाला त्याचा दोष सापडत नाही याचं दुःख आहे, की मुलगी जाणार याचं?"

संध्याकाळी इनासला हाक मारली आणि म्हटलं, "बोलव त्यांना. पुढच्या शुक्रवारी. फातिहा वाचू." ती जवळ आली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहानपणी ताप आला की ठेवायची तसं.

तरी भुशाचं मला अजून पटलेलं नाही.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

सौसनने पडदे धुतले. रव्याच्या बसबूसाची दोन ताटं. खुर्च्या कमी पडतील म्हणून शेजारून चार आणल्या. दरबान विचारतो, "वरच्या साहेबांना सांगायचं का?" मी म्हटलं, तू आपला जिना झाड.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

दुपारच्या असरच्या नमाजानंतर येणार होते. नमाज झाला. साडेचार. पाच. इनास निळा पोशाख घालून खिडकीशी. पाहुणे म्हणून बोलावलेले सौसनचे दोन भाऊ घड्याळ बघायला लागले. सव्वापाचला बेल वाजली.

हातिम एकटाच. हातात काही नाही. दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"आई येणार नाही," म्हणाला.

"बरी आहे ना?"

"बरी आहे. ती म्हणते, या घरी सोयरीक नको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी — मी! — चार शुक्रवार त्यांच्या गावात हाडं झिजवली, आणि नकार त्यांचा?

मग त्याने सांगितलं. एका दमात इतकं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. घामाने कपाळ भिजलं होतं त्याचं. मी रशीदला जात होतो तेव्हा उम्म हातिम आमच्या गल्लीत येत होती. तीन मंगळवार. भाजीवालीकडे बसली, इस्त्रीवाल्याकडे बसली, दरबानाकडे चहा प्याली. सगळे म्हणाले — नसीम साहेब हरामाचा दाणा खाणार नाहीत. सौसनबाई सोनं आहे, मुलगी त्याहून सरस. पण सख्खा भाऊ डोक्यावर राहतो आणि दोघं जिन्यात एकमेकांना सलाम करत नाहीत.

"आई म्हणते, मी चार मुलगे वाढवले," हातिम म्हणाला. "ज्या घरात भाऊ भावाला मेल्यात धरतो, तिथली सवय माझ्या घरात यायला नको. मी खूप समजावलं. मला इनासच हवी आहे, पण आईच्या दुवेशिवाय मी हिला नेणार नाही. हे सांगायला स्वतः यायला हवं होतं, म्हणून आलो."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. रशीदच्या बायकांनी मला शिकवायचं का, असं काहीतरी. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं असेल. हातिमने मान खाली घालून ऐकलं. जाताना इनासकडे एकदा पाहिलं आणि जिना उतरला.

मी इनासला म्हटलं, "बघितलंस? ही माणसं!"

ती म्हणाली, "त्यांनी तेच केलं बाबा, जे तुम्ही केलंत. फक्त त्यांना सापडलं."

आणि खोलीचं दार लावून घेतलं. दणदिशी नाही, हळूच. तेच जास्त लागलं.

बसबूसा तसाच पडून आहे. तिचे मामा न खाता गेले. सौसन माझ्याशी बोलत नाही. आणि माझं अजूनही म्हणणं आहे की चार तास थांबायला हवं होतं. फक्त चार तास.

शनिवार, १३ ऑक्टोबर

सकाळी नऊला वर गेलो. बावीस पायऱ्या. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. भांडायलाही गेलो असेन, सांगता येत नाही.

दार वहिनीने उघडलं. म्हणाली, "ते घरात नाहीत, नसीमभाई. काल जिन्यात सगळं ऐकलं त्यांनी. पहाटेच्या गाडीने रशीदला गेलेत. म्हणाले, माझा भाऊ कसा आहे ते माझ्याशिवाय कोण सांगणार."