न वाजवलेल्या संगीताबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय

विषय : मुदतपूर्व सेवानिवृत्तीचा आदेश रद्द करून प्रात्यक्षिकाचे इतिवृत्त दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : आस्थापना शाखेचे दि. ४ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार ही संगीतशास्त्राची प्राध्यापक असून सव्वीस वर्षे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संगीत व त्यामागील विचार यांचा अभ्यास करीत आहे. हे काम टेबलाशी बसून, स्वरलिपी मनात वाचून होते. त्याचा आवाज होत नाही.

२. मागील महिन्यात तपासणी समितीने अर्जदाराच्या बंद दाराबाहेर अर्धा तास उभे राहून ‘आतून संगीत ऐकू आले नाही, सबब काम बंद’ असा शेरा मारला. दार नुसते लोटले होते. ढकलण्याची तसदी कोणी घेतली नाही.

३. पुढे प्रात्यक्षिकाचा हुकूम आला. चारचौघांत वाजवण्याइतके कोणतेही वाद्य येत नसल्याचे अर्जदाराने लेखी कळवले. त्यावर अध्यक्षांनी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ एवढेच तोंडी उत्तर दिले. घरी थोरल्या बहिणीने, अगं बाई, चार सूर बडव आणि सूट, असे सुचवले. अर्जदाराच्या मनाला ते पटले नाही. जे आपले काम नाही ते आपले म्हणून कसे दाखवायचे?

४. म्हणून अर्जदाराने रोजचेच काम समितीसमोर केले. चार वाद्यांच्या एका रचनेची स्वरलिपी उघडून चाळीस मिनिटे वाचली. एक सदस्य मान डोलावत होते. ते पेंगत आहेत हे नंतर कळले. एकतिसाव्या पानावर तीन वाद्ये थांबतात आणि एकटे व्हायोला पुढे जाते. तिथे अर्जदारास रडू कोसळले. सव्वीस वर्षे कोसळते आहे.

५. समितीने पाणी मागवले, पंखा वाढवला आणि ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे प्रात्यक्षिक होऊ शकले नाही’ असे नोंदवले. त्याच नोंदीवरून आपण अर्जदारास चार वर्षे आधी घरी बसवत आहात. पुस्तकाची दोन प्रकरणे बाकी आहेत, त्यांची सगळी कागदपत्रे याच खोलीत आहेत. खोली गेली तर पुस्तक गेले. साहेब, जीव तुटतो हो.

६. तरी सदर आदेश रद्द करावा आणि इतिवृत्तातील सदर वाक्य खोडून तेथे ‘प्रात्यक्षिक झाले’ असे लिहावे, ही विनंती.

आपल्या न्यायावर भिस्त ठेवून असलेली,
(सही)
प्राध्यापक, संगीतशास्त्र
दि. ११

सोबत : डॉक्टरांचा दाखला. (प्रकृती ठणठणीत. रडण्याचे कारण डॉक्टरांनी विचारले व ऐकूनही घेतले. छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.)